ट्रोव्ह : चार्ल्स कीनची पत्रं पडताळायची तर

व्हिक्टोरियन काळातल्या इंग्रज नटाची परदेश दौऱ्यातली पत्रं नुसती वाचली तर निम्मीच कळतात. उरलेलं निम्मं त्या गावच्या रोजच्या वर्तमानपत्रांत पडलेलं असतं. चार्ल्स कीनच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यापुरतं ते निम्मं ट्रोव्ह काढून देतं, तेही एक पैसा न घेता. पाचपैकी साडेचार गुण. अर्धा गुण कशात कापला ते ओघात येईलच.

ट्रोव्ह ही ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची ऑनलाइन सेवा, २००९ पासून चालू आहे. देशभरच्या ग्रंथालयांच्या नोंदी एका ठिकाणी दिसतात आणि जुनी वर्तमानपत्रं पानन् पान वाचता येतात. वाचायला, शोधायला, उतरवून घ्यायला खातं लागत नाही. स्वतःच्या याद्या करायच्या असतील तर फुकट खातं उघडायचं. बहुतेक वर्तमानपत्रं १९५४ पर्यंतची आहेत, त्यापुढे कॉपीराइट आडवा येतो. आपलं काम १८६३-६४ चं असल्यामुळे तो प्रश्नच नाही. मध्यंतरी सेवेच्या पैशांची ओढाताण होती. २०२३ मध्ये तिथल्या सरकारनं चार वर्षांसाठी तीन कोटी तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आणि पुढे दरवर्षीची तरतूद जाहीर केली, त्यामुळे दुकान बंद होण्याची भीती तूर्त तरी नाही.

आता कीन. गाजलेला इंग्रज नट एडमंड कीन, त्याचा हा मुलगा. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं प्रिन्सेसेस थिएटर १८५० ते १८५९ त्यानं चालवलं. आपल्या नाटकमंडळ्यांत जसा मालकच प्रमुख नट असायचा, ललितकलादर्शात केशवराव भोसले होते तसा, हा तिकडचा मालक-नट. बायको एलन ट्री हीदेखील नावाजलेली नटी. दोघांनी १८६३ मध्ये इंग्लंड सोडलं, ऑक्टोबरमध्ये मेलबर्नच्या बर्क स्ट्रीटवरच्या हेमार्केट थिएटरात जॉर्ज कॉपिनच्या व्यवस्थापनाखाली खेळ सुरू केले, १८६४ च्या जुलैत सिडनीहून कॅलिफोर्नियाकडे निघाले आणि अमेरिका करून १८६६ मध्ये घरी परतले. या प्रवासातली पत्रं ‘एमिग्रंट इन मॉटली’ या नावानं १९५४ साली लंडनमध्ये छापली गेली. संपादक जे. एम. डी. हार्डविक. त्यांतली पुष्कळ पत्रं घरी राहिलेल्या मुलीला, मेरीला आहेत. लिहिण्यात एलन नवऱ्यापेक्षा कितीतरी सरस, हे दोन पत्रांतच लक्षात येतं.

हाच दौरा निवडायचं कारण टपाल. पुढे १८८३ मध्ये हेन्री आयर्व्हिंग हा इंग्रज नट अमेरिकेला गेला तेव्हा समुद्राखालून तार होती आणि पत्रालाही आठवडा-दीड आठवडाच लागायचा. कीन मेलबर्नला होता तेव्हा ऑस्ट्रेलियाला बाहेरच्या जगाशी जोडणारी तारच नव्हती, ती १८७२ मध्ये आली. सुएझचा कालवाही १८६९ चा. इंग्लंडची डाक महिन्यातून एकदा, पी अँड ओ कंपनीच्या आगबोटीनं यायची. साउदॅम्प्टनहून अलेक्झांड्रिया, तिथून आगगाडीनं सुएझ, मग एडन, श्रीलंकेतलं गॉल, ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य टोकाचं किंग जॉर्ज साउंड आणि शेवटी मेलबर्न. एकूण सात-आठ आठवडे. साउदॅम्प्टनमार्गे अर्ध्या औंसाला सहा पेन्स पडायचे. फ्रान्समधून मार्सेयमार्गे गेलं तर काही दिवस वाचायचे, पण दर चढा. म्हणून तर त्या काळची माणसं पातळ कागदावर एकदा आडवं लिहून झालं की कागद फिरवून त्याच ओळींवर उभं लिहीत.

हिशेब करून पाहा. पत्र जायला आठ आठवडे, उत्तर यायला आठ, शिवाय महिन्याची डाक नुकतीच चुकली असेल तर आणखी तीन-चार. नऊ-दहा महिन्यांच्या ऑस्ट्रेलियातल्या मुक्कामात प्रश्न-उत्तराच्या जेमतेम दोन फेऱ्या होतात. मेरीनं मेलबर्नबद्दल विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सिडनीहून जाणार, आणि तोवर विचारणारी तो प्रश्न विसरलेली असणार. पत्रांमध्ये एकच बातमी दोनदा का येते, मधेच एखादा विषय तुटल्यासारखा का वाटतो, याचं कारण बहुतेक वेळा मनःस्थितीत नसतं, बोटीच्या वेळापत्रकात असतं.

ट्रोव्हवर पहिलं काम हे वेळापत्रक काढण्याचं. ‘न्यूजपेपर्स अँड गॅझेट्स’ या विभागात जा, प्रगत शोध उघडा, वर्तमानपत्र म्हणून मेलबर्नचं ‘द आर्गस’ निवडा, तारखा १ सप्टेंबर १८६३ ते ३१ जुलै १८६४. शब्दांच्या जागी अवतरण चिन्हांत ‘इंग्लिश मेल’ असा रोमन लिपीत जोडशब्द टाका आणि निकाल जुन्याकडून नव्याकडे लावा. महिन्याची बोट कधी आली ते एकेक करून समोर येतं. निघणाऱ्या डाकेसाठी ‘समरी फॉर युरोप’ शोधा. परतीच्या बोटीबरोबर घरी पाठवायला छापलेला तो महिन्याभराचा बातम्यांचा गोषवारा. तो ज्या दिवशी निघाला त्याच्या आसपास टपाल बंद झालं असं धरायला हरकत नाही. या दोन तारखांच्या रांगा कागदावर समोरासमोर मांडल्या की पत्रांचे गठ्ठे आपोआप पडतात.

एक बारकावा इथं हमखास चुकतो. बोट मेलबर्नला लागण्याआधी ॲडलेडची डाक उतरायची आणि तिथून मेलबर्नला तार होती. त्यामुळे इंग्लंडची ठळक बातमी मेलबर्नच्या छापखान्यात आधी पोचायची, पत्रांच्या पिशव्या मागून. एखाद्या पत्रात इंग्लंडची ताजी बातमी आहे पण ‘तुझं पत्र अजून नाही’ असंही आहे, तर त्यात विसंगती नाही. ते पत्र त्या मधल्या दिवसांतलं आहे.

आता खुद्द कीन. नुसतं आडनाव टाकलंत तर पहिल्या पानावर बाप एडमंड, कीन नावाचे दुकानदार आणि घोड्यांच्या शर्यती येतील. ‘चार्ल्स कीन’ हे अवतरणात टाका. त्यानंही सगळं सापडत नाही, कारण छापील मजकूर यंत्रानं वाचलेला आहे. पान जुनं, टाइप झिजलेला, शाई फुटलेली. अशा छपाईत यंत्र इंग्रजी ‘ई’ ला ‘सी’ किंवा ‘ओ’ समजतं, त्यामुळे कीन या नावातली ‘ई’ बदलून भलतंच नाव तयार होतं. म्हणून तीच दोन रूपं मुद्दाम चुकीची टाइप करून शोधायची. हास्यास्पद वाटतं, पण न सापडलेली कात्रणं अशीच हाती लागतात. ओळ संपताना तुटलेला शब्द हा दुसरा घोळ. ‘हॅम’ एका ओळीवर आणि ‘लेट’ पुढच्या ओळीवर असेल तर नाटकाचं नाव शोधात येईलच असं नाही.

याहून चांगली युक्ती म्हणजे माणसाऐवजी त्याची सोबत शोधायची. कीनबरोबर जे. एफ. कॅथकार्ट, जॉर्ज एव्हरेट आणि भाची पॅटी चॅपमन होते. कॅथकार्ट आणि कॉपिन ही दोन नावं एकत्र अवतरणात घालून पुढे तरंगरेष (~) आणि १० हा आकडा लावा, म्हणजे दोन्ही शब्द एकमेकांपासून दहा शब्दांच्या आत असलेले मजकूर येतात. कीनचं नाव यंत्रानं बिघडवलेलं असलं तरी सोबत्यांचं शाबूत असतं. बोटीच्या प्रवाशांच्या याद्यांतही हेच करायचं. ‘अँड’, ‘ऑर’, ‘नॉट’ हे जोडशब्द मात्र रोमन मोठ्या अक्षरांतच लिहा.

पुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नवे लोक नेमके इथंच अडकतात. ट्रोव्ह प्रत्येक मजकुराला एक वर्ग देतं : लेख, जाहिराती, याद्या-निकाल, कौटुंबिक सूचना, साहित्य. सवयीनं माणूस ‘लेख’ ही गाळणी लावतो आणि नाटकाच्या सगळ्या जाहिराती गळून जातात. कोणत्या रात्री कोणता खेळ होता याचा भरवशाचा पुरावा तर जाहिरातच असते. तेव्हा गाळणी ‘जाहिराती’वर ठेवा. मग दुसरी अडचण. जाहिरातींचे स्तंभच्या स्तंभ मिळून एकच नोंद केलेली असते, शीर्षक नुसतं ‘ॲडव्हर्टायझिंग’. आत घरमालक, मोलकरीण हवी, हरवलेला घोडा, लिलाव, आणि मधेच कुठंतरी हेमार्केट. शोधलेला शब्द रंगवून दाखवतात, तेवढाच आधार. डावीकडच्या मजकूरपट्टीत रंगवलेल्या ओळीवर टिचकी मारून पानावरची जागा गाठायची. पान वरून खाली वाचत बसलात तर डोळे जातात.

या जाहिरातींची भाषा समजून घ्यावी लागते. ‘धिस इव्हनिंग’ म्हणजे वर्तमानपत्राच्या तारखेची संध्याकाळ. तारखेपुढे ‘इन्स्ट’ असेल तर चालू महिना, ‘अल्ट’ असेल तर मागचा, ‘प्रॉक्स’ असेल तर पुढचा. पत्रांतही हीच पद्धत आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या मजकुरात ‘अल्ट’ चुकवला की घटना सरळ एक महिना पुढे सरकते.

बिनतारखेच्या पत्राला तारीख कशी लावायची ते पाहू. पत्रावर फक्त ‘गुरुवार’ आणि आत ‘काल रात्री हॅम्लेट केलं’ एवढंच आहे असं धरा. पहिल्यांदा बुधवारच्या अंकांतल्या हेमार्केटच्या जाहिराती काढायच्या. १ ऑक्टोबर १८६३ हा गुरुवार होता, त्यावरून सात-सात मोजत पुढचे वार कागदावर मांडून घ्या. ज्या बुधवारी हॅम्लेट आहे ते उमेदवार. दोन-तीन निघाले तर पत्रातली दुसरी खूण घ्यायची : पाऊस, कोणाचं आजारपण, बोट आली की नाही. मग गुरुवारच्या अंकात प्रयोगाची दखल आहे का ते बघायचं. जाहिरात ही फक्त घोषणा असते. नट आजारी पडला की खेळ बदलायचा आणि ते दुसऱ्या दिवशीच्या मजकुरातच कळतं. जाहिरात आणि दखल दोन्ही जुळल्याशिवाय तारीख पक्की लिहू नये, चौकटी कंसात अंदाजाची म्हणून लिहावी. रविवारी थिएटरं बंद, त्यामुळे ‘काल रात्री खेळलो’ असं म्हणणारं पत्र सोमवारचं असू शकत नाही.

जागांच्या नावांचे सापळे वेगळेच. ‘व्हिक्टोरिया’ हे मेलबर्न ज्या वसाहतीत होतं तिचं नाव. कीन मंडळी १८६४ च्या डिसेंबरात व्हँकुव्हर बेटावरच्या व्हिक्टोरिया गावीही गेली. शिवाय सिडनीत रॉयल व्हिक्टोरिया थिएटर होतंच. पत्राच्या डोक्यावरचं नुसतं ‘व्हिक्टोरिया’ पाहून ट्रोव्हची राज्याची गाळणी लावणं म्हणजे भलत्याच खंडात शोधत बसणं. हेमार्केट लंडनमध्येही आहे, आणि मेलबर्नच्या वर्तमानपत्रांत लंडनच्या नाटकांच्या बातम्या दोन महिने उशिरा छापल्या जायच्या. निकालात हेमार्केट दिसलं की आधी मथळा कोणत्या गावचा आहे ते बघा.

पत्रांत मालक-नट जे सांगतो ते कितपत खरं? इथं ट्रोव्हची खरी मजा येते, कारण एकाच प्रयोगाबद्दल चार वर्तमानपत्रं शेजारी ठेवता येतात. मेलबर्नसाठी ‘द आर्गस’ आणि ‘द एज’ ही दैनिकं, ‘लीडर’ साप्ताहिक, ‘बेल्स लाइफ इन व्हिक्टोरिया’ आणि टवाळ ‘मेलबर्न पंच’. सिडनीसाठी ‘सिडनी मॉर्निंग हेरल्ड’ आणि ‘एम्पायर’. नियमित जाहिराती देणाऱ्या थिएटरबद्दल वर्तमानपत्र गोडच लिहिणार. ‘थिएटर तुडुंब भरलं होतं’ हे वाक्य त्या काळी प्रत्येक प्रयोगाला मिळे, त्याची किंमत शून्य. किंमत आहे ती कोणती जागा रिकामी होती हे सांगणाऱ्या वाक्याला. ड्रेस सर्कल (महागड्या जागा) भरलं पण पिट (खालच्या स्वस्त जागा) विरळ, किंवा उलटं, असं जिथं लिहिलंय तिथं टीकाकार खरोखर जाऊन बसलेला असतो.

त्याच रस्त्यावर थिएटर रॉयल होतं आणि तिथं बॅरी सलिव्हन. कीन आला तेव्हा सलिव्हननं मेलबर्नमध्ये पाय रोवलेले होते. दोन शेक्सपिअरवाले, एक रस्ता, तेच प्रेक्षक. कीनची पत्रं एकटी वाचली तर सलिव्हन हा नुसता उपद्रवी माणूस वाटतो. जाहिरातींच्या स्तंभात दोन्ही थिएटरांचे खेळ वरखाली छापलेले दिसतात, तेव्हा कोण कोणाच्या खेळासमोर काय लावतोय ते उघड होतं. तीस-चाळीस रात्रींचा तक्ता करा : तारीख, हेमार्केट, रॉयल. भांडणाचा अर्धा इतिहास त्या तीन रकान्यांत मिळतो. २३ एप्रिल १८६४ ला शेक्सपिअरच्या जन्माची ३०० वर्षं झाली, वार शनिवार. त्या आठवड्याचे अंक तर ओळीनं वाचावेत, शोधखिडकी न वापरता. तारखेनुसार अंक चाळायची सोय आहे.

पैशांच्या आकड्यांबाबत ट्रोव्ह मर्यादितच कामाचं. जाहिरातीतून तिकिटांचे दर मिळतात, गल्ला मिळत नाही. पत्रातला आकडा दिसला की तो एका रात्रीच्या गल्ल्याचा, का कीनच्या वाट्याचा, का आठवड्याचा, हे आधी ठरवायचं. हे तिन्ही पत्रलेखक एकाच दमात मिसळतात.

आता तो कापलेला अर्धा गुण. ‘डायरीज, लेटर्स अँड आर्काइव्ह्ज’ हे नाव वाचून वाटतं, इथं पत्रं वाचायला मिळणार. बहुतेक वेळा मिळते ती नोंद : अमुक ग्रंथालयात अमुक खोकी. जॉर्ज कॉपिनची कागदपत्रं मेलबर्नच्या स्टेट लायब्ररी व्हिक्टोरियात आहेत आणि कीनच्या दौऱ्याचा व्यवहार समजून घ्यायला त्यांच्याइतकं दुसरं साधन नाही. पण ट्रोव्ह तुम्हाला त्या दारापर्यंत सोडतं, पुढे ग्रंथालयाशी स्वतंत्र व्यवहार करायचा. नोंदीत ‘ऑनलाइन’ असा उल्लेख आहे का ते गाळणीनं आधीच पाहून घ्या, नाहीतर तासभर नोंदींतच जातो. पत्रं शोधायला आलेल्याला ट्रोव्हवर पत्रांभोवतीचं जग मिळतं, पत्रं क्वचित.

चुकीचा मजकूर दिसला तर दुरुस्त करा. मजकूरपट्टीवर ‘फिक्स धिस टेक्स्ट’ आहे. ओळ उघडते, शेजारी मूळ पान दिसतं, छापलंय तसंच टाइप करायचं. मूळ छपाईतलं शुद्धलेखन सुधारायचं नाही, फक्त यंत्राची चूक काढायची. निदान नाटकाचं नाव, नटांची नावं आणि थिएटर एवढं तरी नीट करून ठेवलं तर पुढच्या शोधणाऱ्याला, म्हणजे बरेचदा पुढच्या महिन्यात आपल्यालाच, ते एका फटक्यात सापडतं.

सिडनी सुटलं की ट्रोव्ह संपतं. प्रशांत महासागर ओलांडताना एक वार दोनदा येतो, त्यामुळे बोटीवरच्या पत्रांच्या तारखा एका दिवसानं हलतात, हे तक्त्यात लिहून ठेवा. ऑक्टोबर १८६४ पासूनच्या सॅन फ्रान्सिस्कोसाठी कॅलिफोर्निया डिजिटल न्यूजपेपर कलेक्शन आहे, त्यात ‘डेली आल्टा कॅलिफोर्निया’ मिळतं. व्हँकुव्हर बेटासाठी ‘ब्रिटिश कॉलनिस्ट’चे अंक खुले आहेत. लिंकन यांच्या खुनामुळे कीनचा न्यूयॉर्कमधला पहिला प्रयोग एप्रिल १८६५ मध्ये पुढे ढकलावा लागला, त्या दिवसांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या क्रॉनिकलिंग अमेरिकावर ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ आणि ‘ट्रिब्यून’ आहेत. तिन्ही फुकट. मजकूर दुरुस्त करायची ट्रोव्हसारखी सोय कॅलिफोर्नियाच्या संग्रहात आहे. लंडनच्या बाजूचं पाहायचं तर ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हला वर्गणी पडते. आधी यादी पक्की करून एका महिन्याची वर्गणी घ्या आणि काम उरका.

उतरवून घेताना कात्रणाची पीडीएफ घ्याच, पण ज्या पानावर ते आहे ते अख्खं पानही घ्या. कात्रणात शेजारची थिएटर रॉयलची जाहिरात येत नाही. ‘साइट’ (Cite, म्हणजे संदर्भ द्या) या बटणाखाली लेखाचा आणि पानाचा असे दोन कायमचे ओळख क्रमांक मिळतात. दोन्ही टिपून ठेवा, ब्राउझरच्या पट्टीतला लांबलचक पत्ता नको, कारण त्यात तुमचा त्या दिवशीचा शोध चिकटलेला असतो. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग वर्तमानपत्र आणि पान. असं केलं की फोल्डरमध्ये कात्रणं दौऱ्याच्या क्रमानं लागतात, आणि मधल्या ज्या रात्रींचं काहीच नाही त्या रिकाम्या जागा लगेच दिसतात. पुढचा शोध तिथूनच सुरू करायचा.